चार महिन्यांची गिरणी

गिरणी म्हटलं की आपल्याला लालबाग-परळ आठवतं. चाळी, भोंगा, १९८२चा संप, जयंत पवारांचं ‘अधांतर’. पण कापूस सूतगिरणीत पोचण्याआधी जिनात जातो. तिथं रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. या जिनाकडे ना आपल्या साहित्यानं पुरेसं पाहिलं, ना वारसा जपणाऱ्यांनी.

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव घ्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७०मध्ये जलंब-खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला, तोही या कापसासाठी.

आता इंग्लंडकडे बघा. मँचेस्टरजवळच्या स्टायल गावात १७८४ साली सुरू झालेली क्वारी बँक गिरणी आजही उभी आहे. कामगारांची घरं आणि गिरणीत राबणाऱ्या मुलांचं वसतिगृहसुद्धा जपलंय. हे काम चांगलंच आहे. पण ते शक्य झालं, कारण तिथले कामगार बाराही महिने गिरणीच्या दारात राहत होते. त्यांच्यामागे घरं उरली.

जिन हंगामी. पऱ्हाटीची वेचणी सुरू झाली की काम, कापूस संपला की कुलूप. मजूर पुन्हा शेतात. १८८१च्या फॅक्टरी कायद्यानं वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळलेच होते. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११मध्ये. म्हणजे तीस वर्षं जिनातल्या बायाबापड्यांची कामाची वेळ मोजायला कायदाच नव्हता.

वारशाची आपली व्याख्या अजून त्या जुन्या कायद्यासारखीच आहे. जे बारमाही, दगड-विटांचं, तेच मोजायचं. त्या हिशेबानं एखाद्या जिनाची चिमणी वाचेलही, पण रुईची धूळ छातीत घेणारी बाई त्यातून निसटेल.

म्हणून जपायचंच असेल तर हजेरीपट जपा, रेचा जपा, जिनातली बोली जपा. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, हे आपण पुस्तकात वाचतो. हे हाताच्या अंदाजानं सांगणारी माणसं अजून आहेत. मोबाइल तुमच्या हातात आहेच. आधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, चिमणीचा फोटो मग काढा.