‘सीनाय’ : एका नांवाचीं निरुक्तें

नांवाला अर्थ असलाच पाहिजे, हा मनुष्याच्या मनाचा जुना आग्रह आहे; आणि तें नांव एखाद्या निर्जन वाळवंटाचें असलें, तर तो आग्रह अधिकच बळावतो. सुएझ व अकाबा या आखातांच्या मध्यें पसरलेल्या सीनाय प्रदेशाच्या नांवाचें असेंच झालें आहे. कांहीं आधुनिक विद्वान् त्याचा संबंध ‘सीन’ या प्राचीन बाबिलोनी चंद्रदेवतेशीं जोडतात. यहुदी पंडितांची रीत मात्र निराळी. त्यांनीं तें नांव अक्षराअक्षरानें उलगडून पाहिलें.

तल्मुद ग्रंथांतील एक चर्चा या दृष्टीनें उद्बोधक आहे. हिब्रूंत ‘नेस’ म्हणजे चमत्कार. या पर्वतावर चमत्कार घडले म्हणून तो सीनाय, अशी एक निरुक्ति पुढें आली. लागलीच आक्षेप निघाला, कीं मग त्यास ‘निसाय’ म्हणावयास हवें होतें! अखेर ‘सिना’ म्हणजे द्वेष, या शब्दाकडे चर्चा वळली : येथें इतर राष्ट्रांसाठीं द्वेष उतरला, म्हणून हा सीनाय.

दुसरी रीत अंकांची. हिब्रू अक्षरांना ठराविक संख्यामूल्यें असतात. ‘सीनाय’ या नांवाचीं चार अक्षरें ६०, १०, ५० व १० मिळून १३० होतात. ‘सुलाम’ म्हणजे शिडी; तिचीं तीन अक्षरें ६०, ३० व ४०, म्हणजे पुन्हा १३०! याकोबाला स्वप्नांत दिसलेली, पृथ्वीवरून स्वर्गास पोंचलेली शिडी म्हणजे सीनायच, असें मिद्राश या भाष्यग्रंथांत म्हटलें आहे. आपल्याकडे कटपयादि पद्धतीनें ‘जय’ शब्दांतून १८ ही संख्या काढून ती महाभारताच्या १८ पर्वांशीं जुळवितात, त्याच जातीचा हा विलास.

यास प्रमाण मानावें काय? बाराव्या शतकांतील भाष्यकार अब्राहाम इब्न एज्रा यानें बजावलें होतें, कीं धर्मग्रंथ अशा गणितांत बोलत नाहीं; या रीतीनें कोणत्याही नांवाचा बरा किंवा वाईट, हवा तो अर्थ काढतां येईल. माझ्या मतें कसोटी सोपी आहे. बेरीज पुसून टाकावी आणि काय उरतें तें पाहावें. शिडीवरून देवदूत चढत-उतरत होते. सीनायवर ईश्वर उतरला व मोशे चढला. १३० पुसले तरी हें साम्य कथेंत टिकतें. संख्या त्याचा केवळ अलंकार ठरते. द्वेषाच्या कोटींतून ध्वनिसाम्य काढलें, तर मात्र पर्वताविषयीं कांहींच उरत नाहीं. उरतें तें परक्यांमध्यें राहून आपलें वेगळेपण जपणाऱ्या समाजाचें मन.

अक्षरांतून इतिहास व भविष्य सिद्ध करूं पाहणारे आजही कमी नाहींत. त्यांनीं तल्मुदांतील त्या आक्षेपाचें स्मरण ठेवावें. ज्या खेळांत ‘हें जुळत नाहीं’ असें म्हणण्याची मुभा आहे, तोच विद्वत्तेला शोभतो.