ऊन पाहून निघावं

नांदेडहून किंवा लातूरहून शनिवार-रविवार शिल्पं पाहायला निघायचं ठरलं की आधी नकाशा उघडला जातो. किती किलोमीटर, जेवण कुठे, मुक्काम कुठे. हे सगळं लागतंच. पण उघड्यावरच्या शिल्पांच्या बाबतीत आणखी एक वेळापत्रक जमवावं लागतं, ते सूर्याचं. होट्टल, मुखेड, कंधार, खरोसा आणि निलंगा ही पाच ठिकाणं दोन दिवसांत आरामात होतात. ती किती दिसतात, हे मात्र आपण कोणत्या भिंतीसमोर किती वाजता उभे राहतो यावर अवलंबून असतं.

शिल्पांसाठी मुद्दाम राखलेल्या मोकळ्या बागा ही तशी अलीकडची गोष्ट. इंग्लंडमधलं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क १९७७ साली सुरू झालं. तिथे ज्याची कामं माळावर मांडलेली आहेत तो हेन्री मूर, शिल्पाला दालनापेक्षा मोकळं आभाळ मानवतं, असं मानणारा होता. मराठवाड्यातल्या कारागिरांना हे कुणी सांगावं लागलं नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, अकराव्या-बाराव्या शतकांत, त्यांनी आपलं उत्तमातलं उत्तम काम देवळाच्या बाहेरच्या अंगाला, उन्हापावसात लावलं आणि ते चालत पाहण्यासाठी प्रदक्षिणेची वाटही आखून दिली.

पहिली सकाळ होट्टलला द्यावी. नांदेडहून देगलूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तिथून होट्टल जवळच. झुंजुमुंजू निघालं तर कोवळं ऊन असताना सिद्धेश्वराच्या मंदिराशी पोचता येतं. या मंदिराची बाहेरची भिंत, म्हणजे मंडोवर, सुरसुंदरींनी भरलेली आहे. ‘क्षीरार्णव’ या शिल्पग्रंथात अशा बत्तीस देवांगना सांगितल्या आहेत: आरशात पाहणारी, पैंजण बांधणारी, मृदंग वाजवणारी, पत्र लिहिणारी. नावं पाठ असली तर ओळख लवकर पटते. पण रस ओळखीपाशी संपत नाही. आधी पाहावी ती उभं राहण्याची रीत. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला, गुडघा पुन्हा पहिल्या बाजूला. बाजूचे अर्धस्तंभ ओळंब्यात सरळ आहेत, म्हणून मधल्या देहाची वळणं इतकी बोलतात. भिंतीची शिस्त आणि देहाची लय यांचा हा खेळ कारागिरानं दर दोन हातांवर नव्यानं मांडलेला आहे.

आता दगडाकडे वळू. हा आपला काळा बसाल्ट. संगमरवर सावलीतही उजेड धरून ठेवतो. बसाल्ट उजेड गिळतो. समोरून ऊन पडलं किंवा आभाळ भरून आलं की याच सुरसुंदरी सपाट, मुक्या दिसू लागतात. घडवणाऱ्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं दागिने खोल कोरले. हाराचा मणी न् मणी मागून सोडवला, मेखलेच्या लोंब्या मांडीपासून किंचित वर उचलल्या आणि त्वचा मात्र घासून गुळगुळीत केली. ऊन भिंतीला घासून तिरकं येतं तेव्हा प्रत्येक मण्याची बारीक सावली पडते आणि त्या खडबडीत नक्षीच्या शेजारी दंडाची, पोटाची गोलाई एकदम जिवंत होते. असा प्रकाश एका भिंतीवर फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात ती भिंत पाहून घ्यायची आणि उन्हाबरोबर पुढे सरकायचं.

होट्टलचं जीर्ण झालेलं वैभव अलीकडच्या काळात पुन्हा उभं करण्यात आलं. दगड सोडवून पुन्हा जागेवर बसवायचे म्हणजे कोणता थर कुणावर येतो याचा पुरता हिशेब लागतो. त्यामुळे इथे नवा सांधा आणि जुनं काम शेजारी शेजारी पाहता येतं, आणि अशा भिंतीत शिल्प हे वरून चिकटवलेलं नसून भिंतीचाच भार पेलणारा दगड असतो, हेही नीट समजतं.

दुपारी मुखेड गाठावं. इथल्या दशरथेश्वर मंदिराच्या भिंतीवर मातृका आहेत आणि त्या नाचताहेत. सप्तमातृका एरवी एका पट्टावर ओळीनं बसलेल्या असतात, मांडीवर मूल, दोन टोकांना वीरभद्र आणि गणपती. इथे ती बैठक मोडली आहे. प्रत्येकीला स्वतंत्र जागा मिळाल्यामुळे पाहणाऱ्याला एकीकडून दुसरीकडे चालत जावं लागतं आणि तो नाच आपल्या चालण्यानंच पुढे सरकतो. माथ्यावरचं ऊन शिल्पांना मारक, असं सरसकट म्हटलं जातं. ते खरं नाही. उभ्या रेषा, म्हणजे वस्त्राच्या निऱ्या किंवा वेणी, बाजूच्या उन्हात खुलतात. आडव्या रेषांना वरचं ऊन लागतं. मातृकांपैकी चामुंडेच्या बरगड्या आडव्या असतात. भर दुपारी त्यांच्या खाली सावल्या साचतात आणि तिचं भुकेलेपण अंगावर येतं. मे महिन्याच्या मध्याला या भागात सूर्य ऐन डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते; त्या दिवसांत भिंतीला वरून खाली घासत जाणारा प्रकाश मिळतो, पण उन्हाळा सोसायची तयारी हवी. त्यापेक्षा दिवाळीनंतरचे चार महिने बरे. फक्त एक ध्यानात ठेवावं, थंडीत उत्तरेच्या भिंतीला दिवसभर ऊन शिवत नाही. त्या बाजूच्या मूर्तींसाठी पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाला यावं लागतं.

दिवस कलला की कंधार. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लातूरशी त्यांचं नातं सांगतात ते त्या बिरुदावरून. त्यांच्यातला कृष्ण तिसरा (९३९–९६७) याच्या काळात कंधारला मोठं वैभव होतं. त्या काळाशी जोडला जाणारा महाकाय क्षेत्रपाल आज तुकड्यांत उरला आहे. उरलेल्या अवयवांच्या मापावरून मूळ मूर्तीच्या उंचीचे अंदाज पन्नास फुटांच्या घरात आणि त्याच्याही वर जातात. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फुटांचा. तो घडला तो साधारण ९८१ साली, एके काळी राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या गंगांच्या राज्यात. म्हणजे प्रचंड मूर्तीची ओढ त्या काळाच्या हवेतच होती. कंधारला आपण जे वाचतो ते प्रमाण. एका पावलाशेजारी उभं राहून वरचा देह मनानं रचायचा. होट्टलला डोळ्यांना सगळं आयतं मिळालं होतं, इथे त्यांना काम आहे. संध्याकाळी सावल्या लांबतात तेव्हा ते काम थोडं सोपं होतं.

लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला मुक्कामाला जाताना गावोगावचे पार सोडू नयेत. मारुतीच्या देवळापाशी, वेशीवर, वडाखाली वीरगळ उभे असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश. हे काम सुरसुंदरीइतकं नाजूक नसतं. घोडे आखूड, माणसं ठेंगणी. पण तीन-चार चौकटींत एक मरण आणि त्यामागची श्रद्धा सांगून मोकळं होणं, ही गोष्ट सांगण्याची पक्की जाण आहे. शेंदराचे थर चढलेल्या मूर्तींनाही हिणवू नये. शेंदरानं नाकडोळे बुजतात हे खरं. पण ती मूर्ती अजून कुणाची तरी आहे, हेही त्यातून कळतं.

रविवारची सकाळ खरोशाची. लातूरहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, औसा तालुक्यात, ही साधारण सहाव्या शतकातली लेणी जांभ्यात खोदलेली आहेत. जेम्स बर्जेसनं बीदर-औरंगाबादकडच्या पुराणवस्तूंवरच्या १८७८ च्या अहवालात त्यांचं वर्णन केलं आहे. जांभा सच्छिद्र, धार न धरणारा. नृसिंह, कार्तिकेय, शिवपार्वती, रावण सगळे आहेत. पण चेहरे झिजून गेलेले. होट्टलच्या नजरेनं इथे आलं तर निराशा होईल. दागिना शोधूच नये. खांदा, छाती, उचललेला हात, एवढी मोठी घडण पाहावी. बारकावे गेल्यावरही कृती ओळखू येते, कारण या शिल्पकारांनी आकृतीचा बोजा आणि तोल आधी पक्का केला होता.

शेवटी निलंगा, तेही दुपार उतरताना. नीलकंठेश्वराच्या मंदिराचं विधान, म्हणजे जमिनीवरचा आराखडा, तारकाकृती. भिंत सरळ न जाता पुन्हा पुन्हा कोन घेते, आणि याचा प्रकाशाशी थेट संबंध आहे. सरळ भिंतीला चांगलं ऊन दिवसातून थोडा वेळ मिळतं. चांदणीच्या भिंतीची एक बाजू उजळलेली, तिच्या लगतची तिरक्या उन्हात, त्यापुढची सावलीत. एकाच वेळी तीन प्रकारचा उजेड. चार पावलं टाकली की पुढचा पैलू आणि पुढचा उजेड. मग आत जावं. तीन गाभाऱ्यांपैकी एकात हर-गौरी आहेत. ही मूर्ती उन्हासाठी नाहीच. समईचा उजेड खालून आणि हलता येतो. बाहेर ज्या सावल्या दिवसभरात सरकतात त्या इथे क्षणाक्षणाला हलतात. बाहेरच्या सुरसुंदरी आपल्यातच दंग असतात, आतलं जोडपं एकमेकांत. पाहणाऱ्याची दखल दोन्हीकडे नाही, आणि तरी एकीकडे प्रदर्शन आहे, दुसरीकडे एकांत. हा फरक प्रकाशानं केलेला आहे.

सोमवारची रजा टाकता आली तर बीदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ जलसंगवी आहे. तिथली सुरसुंदरी सहाव्या विक्रमादित्याची (१०७६–११२६) स्तुती खरोखर दगडावर लिहिताना दाखवली आहे. पत्रलेखेचा, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या देवांगनेचा, एवढा पुरा नमुना दुसरा सहसा मिळत नाही.

वाचनासाठी गो. बं. देगलूरकर आणि प्रभाकर देव यांचं मराठवाड्यातल्या मंदिरांवरचं लेखन बरोबर असावं. मूर्ती कोणती, तिच्या हातांत काय, हे त्यांच्याकडून शिकावं. उरतो तो उजेडाचा भाग. संरक्षित स्मारकाबाहेरच्या निळ्या फलकावर नुकसान केल्यास काय शिक्षा होईल ते लिहिलेलं असतं. त्याखाली आणखी दोन ओळी सहज मावतील: पूर्वेची भिंत सकाळी किती वाजेपर्यंत पाहावी, पश्चिमेची किती वाजल्यापासून, उत्तरेची कोणत्या महिन्यांत. रात्री समोरून झगझगीत झोत सोडण्यापेक्षा याला खर्च कमी येईल, आणि भिंतीवरची प्रत्येक आकृती घडवणाऱ्याच्या मनात होती तशी दिसेल.