फोटोची पाठ

खाडीपुलावरून जाणाऱ्या गाडीचे एक जुने छायाचित्र ‘पहिली आगगाडी, १६ एप्रिल १८५३’ या मथळ्याखाली सर्रास छापले जाते. मीही तो मथळा बरीच वर्षे खरा मानला. छायाचित्र १८५५ सालचे, दापुरी पुलाचे आहे. साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी ओढलेली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच गेली. खाडी ओलांडून कल्याणला जाणारा मार्ग १८५४ साली खुला झाला. नुसता नकाशा उघडला असता तरी चूक कळली असती!

आपले संग्राहक इंजिन जपतात, नोंद टाकून देतात. स्कॅन करताना पाठची बाजू वगळतात, कडा कातरतात. टेंडरवरची अक्षरे, सिग्नल, फायरमन बहुधा त्या कडेलाच असतात. बोरघाटातले रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली बंद झाले. चित्रात ते वापरात दिसले की काळाची एक हद्द हाती लागते.

आमच्या राईला जवळचे स्टेशन भाईंदर. बोरिवली-विरार मार्गाचे विद्युतीकरण १९३६ सालचे. त्याआधीच्या वाफेच्या लोकलचा फोटो इथे कुणाच्या पेटीत निघालाच, तर आधी उलटा करून पाहावा. पेन्सिलीची अक्षरे पुसट असतील तर तिरक्या उजेडात धरावा. शाईने गिरवू मात्र नये.