दहावीचं गाईड आणि पीएचडीचे गाईड

‘गाईड’ हा शब्द आपल्याला आयुष्यात दोनदा भेटतो. दहावीत तो पुस्तकासाठी असतो: “भूमितीचं गाईड आणलं का?” पीएचडीला तो माणसासाठी असतो: “तुझे गाईड कोण?” मधल्या वर्षांत शब्दाला आदरार्थी रूप येतं, पण मदत मागण्याची आपली सवय बरेचदा पहिल्या गाईडनेच लावलेली असते. पेटची किंवा नेटची तयारी करताना ही सवय तपासून घेतलेली बरी. म्हणून आज त्या पहिल्या गाईडचं परीक्षण करू. एका कंपनीचं नाही, तर भूमिती आणि मराठीच्या गृहपाठाला मदत करणाऱ्या त्या सगळ्या पुस्तकप्रकाराचं.

आधी बाजू मांडू

गाईडला नावं ठेवणं सोपं आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात दहावीच्या मुलाला संध्याकाळी विचारायला घरी कोण असतं? कापूस वेचणीच्या दिवसांत आई-वडील शेतातून अंधार पडल्यावर येतात. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतल्या कोलाम पोडांवर घरात कोलामी बोलली जाते, आणि ती तर द्राविडी कुळातली भाषा. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी असते. म्हणजे मराठी कुमारभारतीचा गृहपाठ या मुलांसाठी परभाषेचा गृहपाठ असतो. अशा घरात गाईड ही एकच वस्तू रात्री नऊ वाजताही उत्तर देते. उत्तर ताडून बघता येतं, सिद्धता कशी मांडायची ते दिसतं, प्रमाण मराठीतलं वाक्य कसं असतं तेही कळतं. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता परीक्षणाचा मुद्दा. गाईड उत्तर देतं, पण ते उत्तर कुठून आलं हे सांगत नाही.

भूमिती: लंब टाकायचं कुणाला सुचलं?

दहावीच्या भूमितीतलं पायथागोरसचं प्रमेय घ्या. मांडणी ठरलेली: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. त्रिकोण अबक, ब हा काटकोन. रचना: ब मधून कर्ण अक वर बड हा लंब टाका. मग समरूपतेने अब चा वर्ग = अड गुणिले अक, आणि बक चा वर्ग = कड गुणिले अक. बेरीज केली की अड आणि कड मिळून अक होतो, म्हणून उत्तर अक चा वर्ग. पाच-सात ओळींत काम संपलं.

पण लंबच का? हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. खरं तर एक प्रश्न विचारला की मुलाला ते स्वतः सुचू शकतं. “आपल्याला अब चा वर्ग हवाय. समरूपतेत आपल्याकडे फक्त गुणोत्तरं असतात. मग वर्ग कधी मिळेल?” एकच बाजू दोन्ही त्रिकोणांत असेल आणि तिरका गुणाकार केल्यावर ती दोनदा येईल तेव्हा. म्हणजे अब ही बाजू असलेला, मोठ्या त्रिकोणाशी समरूप असा छोटा त्रिकोण हवा. तो मोठ्यातूनच कापायचा आणि त्यात एक काटकोन हवा. झाला की लंब!

दुसरा प्रश्न: ब हा कोन काटकोन नसेल तर सिद्धता नेमकी कोणत्या ओळीला मोडते? लंबामुळे छोट्या त्रिकोणात ड पाशी काटकोन येतो, पण मोठ्यात काटकोनच नाही. म्हणून समरूपतेची ओळच लिहिता येत नाही. पक्ष कुठे वापरला ते असं सापडतं. हे न कळता सिद्धता पाठ केलेला विद्यार्थी पुढे टी-चाचणी लावतो, पण तिची गृहीतकं कुठे कामाला येतात हे त्याला सांगता येत नाही. व्हायव्हात नेमका हाच प्रश्न येतो.

ही तक्रार नवीन नाही. पोल्या यांच्या १९४५ च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’मध्ये भर उत्तरांवर नाही, विद्यार्थ्याला विचारायच्या प्रश्नांवर आहे: काय दिलंय, काय हवंय, असं काही आधी पाहिलंय का? लाकातोश यांनी तर गणिताच्या तयार मांडणीवरच आक्षेप घेतला. त्यांच्या मते ही मांडणी शोधामागची धडपड लपवते. आपलं गाईड त्याच मांडणीचं सर्वात स्वस्त रूप आहे.

मराठी: नाव काढून बघा

आता कृतिपत्रिकेतलं रसग्रहण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे. गाईडी उत्तराचा एक नमुना मीच बनवतो: “प्रस्तुत कवितेतून कवीने मानवी मूल्यांचे प्रभावी दर्शन घडवले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.” यात कवितेचं नाव बदलून दुसरं घाला. उत्तर तरीही बसतं ना? मग ते त्या कवितेबद्दल नव्हतंच.

शब्दार्थांचंही तसंच. समजा कवितेत ‘पऱ्हाटी’ आली. गाईड लिहिणार: ‘कापसाचे झाड’. चूक काहीच नाही. पण यवतमाळच्या मुलाला पऱ्हाटी गाईडपेक्षा जास्त माहीत असते. वेचणी संपल्यावर ती वाळते, उपटली जाते, चुलीत जाते. मदत करणाऱ्याने फक्त विचारायचं होतं: “इथे ‘कापसाचे झाड’ लिहिलं असतं तर काय गेलं असतं?” इथे त्या मुलाकडे बाजू मांडायला स्वतःचा पुरावा आहे. तयार उत्तर त्याला तो वापरूच देत नाही. हे मला भूमितीपेक्षा मोठं नुकसान वाटतं. कारण आपल्याला जे माहीत आहे ते ज्ञान नव्हे, हे तो इथेच शिकतो.

नाव बदलून बघायची ही चाचणी स्वतःच्या सिनॉप्सिसलाही लावा. “सदर अभ्यास समाजास उपयुक्त ठरेल” हे वाक्य तुमच्या शेजारच्याच्या विषयालाही बसतं का? बसत असेल तर खोडा.

मग चांगली मदत म्हणजे काय?

वुड, ब्रूनर आणि रॉस यांचा १९७६ चा लेख शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचायलाच हवा. तीन ते पाच वर्षांची तीस मुलं, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, आणि मदत करणारी एक व्यक्ती. मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत बांबू बांधायचे, नंतर सोडायचे. मूल जमवू लागलं की मदत कमी करायची, अडलं की वाढवायची.

गाईडला नेमकं हेच जमत नाही. मूल कुठे अडलं ते त्याला दिसत नाही, त्यामुळे ते दरवेळी पूर्ण उत्तर देतं. कमी मदत करायची सोयच त्यात नाही. म्हणून परांची आपणच सोडायची: उत्तरावर कागद ठेवा, एक ओळ बघा, पुढची स्वतः लिहा, मग ताडा. शेजारच्या दहावीच्या मुलाला एवढं शिकवलंत तरी पुष्कळ. नवीन पुस्तकही लागणार नाही.

विषय म्हणून घ्यायचा असेल तर

“गाईडचा वापर आणि शैक्षणिक संपादणूक: एक सहसंबंधात्मक अभ्यास” असं शीर्षक कुणाच्या डोक्यात आलंच असेल. जरा थांबा. ज्याला विषय अवघड जातो तोच गाईड जास्त उघडत असेल, तर सहसंबंध ऋण येईल आणि तुम्ही लिहाल की गाईडमुळे गुण घटले. कारण आणि परिणाम उलटे झाले!

आकडे उचलतानाही जपून. असर २०२२ नुसार देशाच्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे देऊन शिकवणी घेत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.४ टक्के होतं. आकडा चांगला आहे, पण तो शिकवणीचा आहे, आठवीपर्यंतचा आहे आणि देशाचा आहे. यवतमाळच्या दहावीच्या दप्तरातलं गाईड त्यात मोजलेलं नाही. त्यापेक्षा दहा मुलांजवळ बसा, गृहपाठ करताना त्यांना मोठ्याने विचार करायला सांगा, आणि गाईड कोणत्या क्षणी उघडलं ते टिपा. प्रश्न वाचण्याआधी, की अडल्यावर? माझ्या मते खरा फरक तिथे सापडेल.

आणि दुसऱ्या गाईडबद्दल. पहिल्या गाईडवर वाढलेला विद्यार्थी सरांकडे किंवा मॅडमकडे जातो तो “विषय द्या, प्रश्नावली द्या” म्हणत. घरात पहिल्यांदाच कुणी संशोधनाला आलेलं असेल तर हे समजण्यासारखं आहे, कारण दुसऱ्या प्रकारची मदत त्याने पाहिलेलीच नसते. पण माणूस असलेल्या गाईडला तुम्ही कुठे अडलात ते दिसू शकतं. त्यासाठी अडलेली ओळ घेऊन जावी लागते. “इथपर्यंत केलं, ही पायरी का घ्यायची ते कळत नाही,” असं एक वाक्य लिहून न्या. कोऱ्या वहीपेक्षा त्या एका वाक्याला जास्त मदत मिळते.