गाण्याची तारीख आणि गाण्याची तिथी



आज आम्ही बोलणार आहोत ते दिनविशेषांबद्दल, आणि त्यातही संगीताच्या दिनविशेषांबद्दल. शाळेच्या फळ्यावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि आता रोज सकाळी मोबाईलवर 'आजचा दिवस' येतो. अमक्या गायकाचा जन्म, तमक्या वादकाचे निधन, अमुक मैफल, तमुक चित्रपट. चार ओळी वाचायच्या, हात जोडल्याचे चित्र पाठवायचे आणि कामाला लागायचे. यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. वाईट काहीच नाही. पण हा आता लेखनाचा एक प्रकार झाला आहे, आणि कवितेची, कादंबरीची समीक्षा होते तशी याचीही व्हायला हवी. संगीताचा इतिहास म्हणून बहुसंख्य लोक आज हाच प्रकार वाचतात.

एक नमुना घेऊ. १ ऑगस्ट. यादीत काय असते? १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन. त्याच वर्षी, त्याच तारखेला वाटेगावात अण्णाभाऊ साठे यांचा जन्म. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी भरवलेली बांगलादेशासाठीची मैफल. १९८१ साली अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. चारही गोष्टी खऱ्या. पण यादी त्यांना एकाखाली एक मांडते, आणि वाचणाऱ्याच्या मनात नकळत एक धागा तयार होतो. 'एक सूर्य मावळला, दुसरा उगवला' अशी वाक्ये मग भाषणांत येतात. अहो, अण्णाभाऊंचा पोवाडा कुठून आला ते शोधायचे तर वाटेगावची मांगवस्ती बघावी लागेल, मुंबईच्या गिरण्या बघाव्या लागतील, आणि आपल्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख बघावे लागतील, ज्यांच्यासोबत ते लाल बावटा कलापथकात उभे राहिले. टिळकांच्या निधनाची तारीख तिथे काही कामाची नाही.

बांगलादेशाच्या मैफलीचेही तसेच. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालात येत होते. रविशंकर स्वतः बंगाली, ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी हॅरिसनकडे शब्द टाकला. त्यातून ती मैफल झाली. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवली, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. वाद्ये जुळवणे हेच वादन आहे असे त्यांना वाटले! ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. दोन संगीतपरंपरा एकमेकींना ऐकू लागतात तेव्हा काय काय हुकते, ते त्या टाळ्यांत आहे. आणि दिनविशेषाच्या ओळीत नेमके तेवढेच गळते.

आता थोडे तत्त्वज्ञान. सवय आहे, क्षमा करा. आपल्या वैशेषिकांनी काळाबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. त्यांच्या मते काळ एकच आहे, अखंड आहे. क्षण, दिवस, महिना हे त्याचे खरे तुकडे नव्हेत, त्या उपाधी आहेत. सूर्याच्या गतीमुळे आपण काळावर लावलेल्या खुणा आहेत. शेत सलग असते, बांध आपण घालतो. बांध सोयीचा असतो, पण पीक बांधामुळे उगवत नाही. दिनविशेष वाचताना हे ध्यानात ठेवले म्हणजे एक साधा प्रश्न हाताशी येतो: या घटनेत तारखेचे काम काय? तारीख घटनेला नुसती चिकटली आहे, की घटनेच्या आत शिरली आहे?

या कसोटीवर तीन उदाहरणे तपासू.

पहिले, २७ जानेवारी १९६३. दिल्लीत लता मंगेशकरांनी पंडित नेहरूंसमोर 'ऐ मेरे वतन के लोगो' गायले. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचे. प्रदीप यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१५ चा, आणि लताबाई गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे आता दरवर्षी ६ फेब्रुवारीला 'काय हा योगायोग' म्हणून संदेश फिरतात. योगायोग आहेच. पण योगायोग म्हटले की विचार थांबतो. तारखेचे खरे काम दुसरीकडे आहे. चीनशी युद्ध थांबले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये. म्हणजे हे गाणे झाले तेव्हा पराभवाला जेमतेम दोन महिने होत होते. घराघरांत सुतक होते. हे गाणे विजयाचे नाही, ते शोकगीत आहे. त्याची चाल बघा, ती आधी समजावते, मग रडवते, आणि उत्साहाला फारशी जागा देत नाही. आज आपण ते १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला भोंग्यावर लावतो, झेंडा वर जातो, मुले लाडू खातात. कॅलेंडरने गाण्याला राष्ट्रीय सणाची जागा दिली आणि त्याचा दुखवटा काढून घेतला. 'नोव्हेंबर १९६२ नंतर दोन महिन्यांनी' एवढे शब्द त्या यादीत घातले तरी गाणे पुन्हा खरे ऐकू येईल.

दुसरे उदाहरण आमच्या फार आवडीचे. गीतरामायण. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिले गीत १ एप्रिल १९५५ ला गेले. दिनविशेष इथेच थांबतो. आता पुढचे बघा. तो दिवस शुक्रवार होता आणि रामनवमी होती. मालिका आठवड्याला एक गीत या बेताने चालली आणि संपली ती १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला. वर्षाचे आठवडे बावन्न. मग गीते छप्पन्न कशी? कारण त्या वर्षी भाद्रपद अधिक होता. रामनवमी ते रामनवमी हे अंतर बाराऐवजी तेरा चांद्रमासांचे झाले, म्हणजे ३८४ दिवसांचे. कागद घेऊन हिशेब करा. १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत शुक्रवार येतात पंचावन्न. आणि १९ एप्रिलचा रामनवमीचा गुरुवार धरला की छप्पन्न.

म्हणजे काय झाले? पंचांगातल्या एका जादा महिन्याने एका महाकाव्याची लांबी वाढवली. माडगूळकरांना जास्तीची गीते लिहावी लागली, फडक्यांना चाली बांधाव्या लागल्या. इथे तिथी कलाकृतीच्या आत आहे. आणि आणखी एक. इंग्रजी आठवडा आणि मराठी तिथी अशी दोन चाके या रचनेला आहेत. रेडिओ चालतो शुक्रवारावर, राम जन्मतो नवमीला. विसाव्या शतकातला मराठी माणूस असाच दोन कॅलेंडरांत जगत होता: पगार एक तारखेला, उपास एकादशीला. गीतरामायण घराघरांत का शिरले याची कारणे पुष्कळ सांगतात, चाली, शब्द, आवाज. ती खरीच आहेत. पण ते लोकांच्या दोन्ही काळांत एकदम बसले, हेही त्यात धरायला हवे. 'आजच्या दिवशी गीतरामायण सुरू झाले' असे १ एप्रिलला लिहिणारा अर्धेच सांगतो. बहुतेक वर्षी त्या दिवशी रामनवमी नसतेच.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे, आणि ते जरा टोचणारे आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री दिल्लीत संविधान सभेत सुचेता कृपलानी यांनी 'वंदे मातरम्' गायले. कुठल्याही यादीत हे सापडेल. आता याच गाण्याची आपल्याकडची गोष्ट. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९३८ साली त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून उस्मानिया विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. पुष्कळ मुले पुढे नागपूर विद्यापीठात गेली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. एका गाण्यासाठी मुलांनी राज्य सोडले, शिक्षण पणाला लावले. संगीताच्या इतिहासात याहून मोठी घटना कोणती? पण 'संगीत' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तंबोरा येतो, वसतिगृहातली पोरे येत नाहीत. म्हणून ही घटना राजकारणाच्या खात्यात जाते, आणि तिथेही कडेला.

शिवाय १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख आपल्या जिल्ह्याला लागूच नव्हती. त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आपले स्वातंत्र्य आले १७ सप्टेंबर १९४८ ला. मधे ३९९ दिवस गेले. त्या ३९९ दिवसांत देशातल्या इतर गावांना जे गाणे मोकळेपणी म्हणता येत होते, ते इथे म्हणणे धोक्याचे होते. राष्ट्रीय दिनविशेष सगळ्या देशाला एका घड्याळावर बसवतो. पण देश एका घड्याळावर चालत नव्हता. धाराशिवच्या शाळेने दिल्लीची यादी जशीच्या तशी फळ्यावर उतरवली की आपली मुले आपल्याच आजोबांचे ३९९ दिवस विसरतात.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तारीख मिळते कुणाला?

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे करत होता. भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रित गायिका म्हणून आपण गौहरजानचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या काही दिवस आधी त्याच मुक्कामात शशीमुखी आणि फणीबाला या दोन मुलींचे आवाज मुद्रित झाले होते. त्यांचे दिनविशेष कुणी पाठवत नाही. पुढे नाव झाले की मागची तारीख उजळते. नाव झाले नाही की तारीख असूनही नसल्यासारखी.

या दोघींना निदान तारीख आहे. आपल्या तुळजापूरच्या गोंधळ्याला तीही नाही. संबळ, तुणतुणे, झांज, पेटलेली दिवटी. ही कला शतकानुशतके चालत आली. तिचा जन्मदिवस कोणता? गाणाऱ्याचा जन्मदाखला बहुधा नाहीच. गाण्याचा दिवस विचारला तर तो म्हणेल, घट बसले की. आणि घट कधी बसतात? २०२३ साली १५ ऑक्टोबरला, २०२४ साली ३ ऑक्टोबरला, २०२५ साली २२ सप्टेंबरला. यादीच्या कोणत्या चौकटीत बसवणार? तुळजापुरात तर देवी वर्षातून तीनदा निद्रेला जाते. तिथला काळच वेगळा, झोपेचा आणि जागराचा. तेरला गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला. टाळ-मृदंग त्या दिवशी वाजतो आणि शतकांमागून शतके वाजतो आहे. तारखेत एकदा घडलेले मोजले जाते. तिथीत पुन्हा पुन्हा घडणारे जगते. आणि लोकसंगीत जवळजवळ सगळे पुन्हा पुन्हा घडणारे आहे. त्यामुळे आपल्या दिनविशेषांतून ते गाळले जाते. कुणी दुष्टपणे गाळत नाही, चाळणीची भोकेच तशी आहेत.

गंमत बघा, गोंधळ हीसुद्धा एक यादीच आहे. गोंधळी गावोगावच्या देवांना नावानिशी हाका मारतो, अमुक गावची आई गोंधळाला ये, तमुक गावचा देव ये. दिनविशेष ही दिवसांची यादी, गोंधळ ही ठिकाणांची. फरक एवढाच की गोंधळ्याच्या यादीत ज्याला बोलावले तो येतो अशी श्रद्धा असते. आपल्या यादीत ज्याचे नाव येते त्याला आपण हार घालून वाटेला लावतो.

मग दिनविशेष बंद करावेत का? मुळीच नाही. सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ ला गेले. भीमसेनजींनी १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ उत्सव सुरू केला, आणि आज तो डिसेंबरात होतो. तारीख हलली म्हणून स्मरण कुठे उणे झाले? कारण तिथे स्मरण म्हणजे तासन्‌तास बसून ऐकणे. आमचे म्हणणे एवढेच आहे की तारीख हे ऐकण्याचे निमित्त असावे, ऐकण्याचा मोबदला नव्हे. सकाळी नाव आले की संध्याकाळी वीस मिनिटे तो आवाज ऐकावा. तारखेच्या शेजारी कारण लिहावे. आणि तिथीला यादीत जागा द्यावी.

या व्याख्यानाला शिक्षक आणि विद्यार्थी बरेच आहेत, म्हणून एक काम सुचवतो. येत्या नवरात्रात आपापल्या गावचा गोंधळी, आराधी मेळ्यातल्या बाया, हलगीवाला यांच्याकडे बसा. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन गाणे मोबाईलवर मुद्रित करा. खाली तीन गोष्टी लिहा: गाव, तिथी आणि त्या दिवशीची इंग्रजी तारीख. नाव लिहायला विसरू नका, आणि ते त्यांनी सांगितले तसेच लिहा. पन्नास वर्षांनी कुणी आपल्या जिल्ह्याचा संगीत-इतिहास लिहायला बसला तर त्याला निदान चाळणी बदलायची संधी मिळेल. ते काम आज आपणच करू शकतो. कारण त्यातले पुष्कळ गाणारे आज आहेत, आणि त्यांच्या जाण्याची बातमी कुठल्याही यादीत येणार नाही.

  आता प्रश्न घेऊ.