गैरसोय कोणाच्या सोयीसाठी?

टीका म्हटली म्हणजे ती पुस्तकाची, नाटकाची, फार तर एखाद्या चित्रपटाची, असा आपल्याकडे समज आहे. दिवाळी अंकाच्या पानांवर संगणकाच्या बटणाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना माझे उत्तर एवढेच, की माणसाने माणसासाठी रचलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक कल्पना असते आणि कल्पना आली की टीका आलीच. कादंबरीकार जसा एक वाचक मनाशी धरून लिहितो, तसा यंत्राचा आराखडा करणाराही एक माणूस मनाशी धरतो. तो माणूस खुर्चीवर बसतो की टेबलाखाली वाकतो, त्याचा उजवा हात चालतो की डावा, त्याच्या गावात वीज किती वेळा जाते, हे सारे त्या आराखड्यात नकळत लिहिले जाते. ते वाचून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. यंत्राच्या पोटात काय चालते ते मी सांगू शकणार नाही. परंतु बटण पोटात नसते, ते अंगावर असते. त्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्याला बोट आहे त्या प्रत्येकाला आहे.

प्रथम जुन्या घरातल्या काही वस्तू आठवून पाहाव्यात. जात्याचा खुंटा दगडाच्या मधोमध नसतो, काठाशी असतो. त्यामुळे थोड्या जोराने दगड फिरतो. तो उभा असतो, म्हणून समोरासमोर बसलेल्या दोघींना एकाच वेळी धरता येतो. विळीचा पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे राहतात. दाराजवळच्या कोनाड्यात अंधारातही हात घातला की काडेपेटी सापडे. या वस्तू घडवणारे कोणी ऋषी होते असे मला म्हणायचे नाही. पण पाथरवटाने खुंट्याची जागा चुकवली, तर दळणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहू शकत असे. संगणक घडवणाऱ्याच्या दारात कोणी जाऊन उभे राहू शकत नाही. त्यामुळे त्याच्या चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात, आणि काही तर थाटामाटाने राहतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा मॅजिक माऊस. २०१५ साली या माऊसची नवी आवृत्ती आली. तीत बॅटरी बदलण्याची कटकट गेली, वायर लावून चार्ज करण्याची सोय झाली. मात्र ती वायर लावण्याची खाच माऊसच्या पोटाखाली ठेवली. म्हणजे चार्ज करायचा तर माऊस उताणा करावा लागतो, आणि उताणा केलेला माऊस चालवता येत नाही. पालथ्या पडलेल्या झुरळासारखे त्याचे ते रूप जगभर चेष्टेचा विषय झाले. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन मिनिटे चार्ज केला तर तो सुमारे नऊ तास चालतो आणि पूर्ण चार्ज केला तर महिनाभर पुरतो, असे कंपनी सांगते. म्हणजे अडचण रोजची नाही. पण महिन्यातून एकदा येणारी अडचण ठरवून येत नाही. ती नेमकी हातात काम असताना येते. २०२४ साली या माऊसची खाच नव्या, यूएसबी-सी पद्धतीची केली. जागा मात्र तीच राहिली. नऊ वर्षांचे हसे ऐकूनही जागा बदलली नाही, त्या अर्थी ती नजरचूक नव्हती. ती एक भूमिका होती: माऊसच्या गुळगुळीत कडेला भोक दिसता कामा नये.

त्याच २०२४ साली आलेल्या मॅक मिनी या छोट्या संगणकाचेही तसेच. यंत्र खरोखर देखणे आहे. जेमतेम पाच इंच लांब, पाच इंच रुंद आणि दोन इंच उंच. आधीच्या मॅक मिनीपेक्षा एका बाबतीत ते शहाणेही आहे: दोन खाचा आणि कानाला लावायच्या हेडफोनची जागा पुढच्या बाजूला आणली आहे. पण चालू-बंद करण्याचे बटण तळाशी, मागच्या कोपऱ्यात गेले. ते दाबायचे तर यंत्राचा कोपरा उचलून खाली बोट सरकवावे लागते. यावर समर्थकांचा युक्तिवाद असा, की हे यंत्र कोणी रोज बंद करत नाही. ते नुसते झोपवून ठेवायचे असते. युक्तिवाद खोटा नाही. पण त्यात एक गाव गृहीत धरले आहे. त्या गावात वीज जात नाही, यंत्र एकाच माणसाच्या मालकीचे असते, आणि संध्याकाळी मुख्य बटण बंद करून खोलीला कुलूप लावणारा शिपाई तिथे नसतो. आराखड्यात गाव कसे लिहिलेले असते, ते इथे दिसते.

आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद किती वर्षे चालला, हे वाचकांना ठाऊक आहेच. कादंबरीपुरता त्या वादाचा निकाल काय लागायचा तो लागो. जी वस्तू हातात धरायची आहे तिच्या बाबतीत तो फार पूर्वीच लागायला हवा होता. अ‍ॅपलनेच २००० साली जी-४ क्यूब नावाचा संगणक काढला. पारदर्शक आवरणात जणू तरंगणारा सुमारे आठ इंचांचा घन. चालू-बंद करण्यासाठी दाबायचे बटणच नव्हते. वरच्या पृष्ठभागावर एक जागा होती, तिला बोट लागले की यंत्र जागे होई. आणि ते बोट मुद्दाम लागले की जाता जाता हात घासला, हे यंत्राला कळत नसे. साऱ्या वायरी जोडण्याच्या खाचा तळाशी होत्या. २००१ च्या जुलैमध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याची किंमत भारी होती हे त्याचे एक मोठे कारण, सारा दोष बटणाचा नव्हे. आज तो घन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. ती जागा त्याला शोभते, कारण संग्रहालयात कोणी बटण दाबत नाही.

एवढे वाचून कोणी असा अर्थ काढील, की प्रत्येक बटण हाताशी असले म्हणजे झाले. तसे नाही. १९७७ साली आलेल्या अ‍ॅपल टू या संगणकाच्या कीबोर्डवर ‘रिसेट’ ही कळ उजव्या कोपऱ्यात, ‘रिटर्न’ या सतत लागणाऱ्या कळीच्या अगदी वर होती. बोट जरा वर सरकले की चालू काम हातचे जाण्याची पाळी. लोकांनी त्या कळीखाली रबराची चकती बसवली, म्हणजे ती सहज दबू नये. पुढे कंपनीनेच व्यवस्था बदलली, आणि ‘कंट्रोल’ ही दुसरी कळ सोबत दाबल्याशिवाय ‘रिसेट’ चालेनासे झाले. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकात हा विचार सुरुवातीपासून झाला होता. त्यांचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘डिलीट’ या तीन कळा एकदम दाबण्याची युक्ती काढली. या कळा एकमेकींपासून दूर होत्या, म्हणून दोन्ही हात लागत. हीही गैरसोयच होती. पण ती माणसाच्या कामाचे रक्षण करण्यासाठी केलेली गैरसोय होती.

म्हणून मला एकच कसोटी योग्य वाटते. बटण अडचणीत आहे की हाताशी, एवढे पाहून भागत नाही. ही गैरसोय कोणाच्या सोयीसाठी केली आहे, ते विचारावे. ती वापरणाऱ्याच्या रक्षणासाठी असेल तर तिच्यात कला आहे. छायाचित्रात यंत्र निर्मळ दिसावे म्हणून असेल, किंवा कारखान्याचे चार पैसे वाचावेत म्हणून असेल, तर तिच्यात दोष आहे, मग ती वस्तू कितीही गाजलेली असो.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे, कारण सारी गैरसोय काही सौंदर्यापायी झालेली नाही. ज्या उभ्या पेटीला आपल्याकडे सरसकट सीपीयू म्हणतात, तिच्या बहुतेक खाचा मागे का असतात? कारण आतल्या मुख्य पट्टीच्या मागच्या कडेला त्या थेट बसवता येतात. १९९५ साली इंटेल कंपनीने या पट्टीच्या मापांचे जे प्रमाण ठरवले, त्यात ती जागाही ठरून गेली. पुढे खाच द्यायची तर आतून वेगळी वायर ओढावी लागते, म्हणजे खर्च आला. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती ठरली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या कामाने जगाचे केवढे भले झाले! त्यापूर्वी कीबोर्डची खाच वेगळी, माऊसची वेगळी, प्रिंटरची वेगळी. पण यूएसबीचा चपटा प्लग एकाच बाजूने बसतो आणि बाजू दिसायला दोन्ही सारख्या. पहिल्यांदा बसत नाही, उलटा केला तरी बसत नाही, पुन्हा पहिल्यासारखा केला की बसतो, हा अनुभव कोणाला नाही? दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर वायरी आणि आतली जोडणी वाढून खर्च दुप्पट झाला असता, असे भट्ट यांनीच पुढे सांगितले, आणि त्यातला त्रास प्रांजळपणे मान्यही केला. दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या यूएसबी-सीचे प्रमाण २०१४ साली ठरले. मधली अठरा वर्षे जगाने प्लग उलटसुलट करण्यात घालवली.

आता कोणी म्हणेल, प्लग उलटा करायला दोन क्षण लागतात, त्याचा एवढा बाऊ कशाला? माझे खरे म्हणणे इथेच सुरू होते. प्रश्न दोन क्षणांचा नाही. त्या दोन क्षणांत माणूस स्वतःविषयी काय ठरवतो, याचा आहे.

शाळेच्या संगणकखोलीत मी हे रोज पाहतो. एका लॅपटॉपवर चालू-बंद करण्याचे बटण कीबोर्डच्याच उजव्या कोपऱ्यात, अक्षर खोडण्याच्या कळीला खेटून बसवले आहे. आकार तोच, रंग तोच. सातवीतली एक मुलगी निबंध टाइप करत होती. चुकलेले अक्षर खोडायला गेली आणि पडदा काळा झाला. ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, माझ्याकडून बिघडलं.” यंत्र बिघडले नव्हते, आणि जे झाले ते तिच्याकडून झाले नव्हते. हजारो कोस दूर कोणीतरी एक कळ वाचवली होती. पण तिने दोष स्वतःच्या पदरात घेतला आणि पुढचे काही दिवस ती त्या खोलीत मागच्या बाकावर बसली. टेबलाखालच्या पेटीत पेन ड्राइव्ह लावताना जी मुले चाचपडतात, त्यांना इतर मुले ‘याला संगणक येत नाही’ म्हणून हसतात. टेबलाखाली वाकून अंधारात भोक शोधणे म्हणजे संगणक येणे, अशी व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण वर्गात ती रूढ झाली आहे.

ही वृत्ती मुलांपुरती नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर वैमानिक कधी कधी चाकेच आत ओढून घेत, आणि विमान पोटावर आपटे. वैमानिकाची चूक, असा शेरा पडे. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की चाकांची कळ आणि पंखांच्या पडद्यांची कळ शेजारी शेजारी होत्या आणि हाताला सारख्या लागत. त्याने एका कळीला चाकाचा आकार दिला आणि दुसरीला पाचरीचा. बोटाला न पाहता फरक कळू लागला आणि तो प्रकार थांबला. माणसे तीच होती. बदलली ती कळ. पुढे १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिले. वस्तू वाईट रचलेली असली तरी माणसे स्वतःलाच दोष देतात, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले. हेच नॉर्मन नंतर काही वर्षे अ‍ॅपलमध्ये होते. मोठ्या घरातही शहाण्या माणसाचे सारेच ऐकले जाते असे नाही.

वाईट कादंबरी वाचून वाचक कंटाळतो, पुस्तक मिटतो आणि लेखकाला नावे ठेवतो. वाईट बटणाचे तसे होत नाही. तिथे लेखक सुटतो आणि वाचकच स्वतःला नावे ठेवतो. म्हणूनच या विषयावर टीका हवी. ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांनी यंत्राला पंचविशीत किंवा पन्नाशीत पहिल्यांदा हात लावला, ज्यांना वाकता येत नाही किंवा एकच हात चालतो, त्यांच्या मनात आधीच भीती असते, की हे आपले काम नव्हे. आडजागी बसवलेले बटण त्या भीतीला पुरावा पुरवते.

यावर उपाय काही मोठे नाहीत. यंत्र विकत घेताना आपण वेग विचारतो, साठवण विचारतो, किंमत तर विचारतोच. आणखी एक करावे. दुकानात यंत्र टेबलावर, किंवा जिथे ठेवायचे आहे तशा जागी ठेवायला सांगावे, डोळे मिटावेत, आणि हाताने बटण शोधावे. सापडले नाही तर दुकानदाराला तसे सांगावे. शाळेसाठी यंत्रे घेणाऱ्या समित्यांनी हे जरूर करावे, आणि ते काम समितीतल्या साहेबांनी न करता सातवीतल्या मुलीला करू द्यावे. तिच्या बोटाला जे सापडत नाही, ते कागदावर कितीही उत्तम असले तरी शाळेत आणू नये.