यंत्राला तोंड नसतं

या अंकासाठी आलेल्या कविता संपादकांनी मला वाचायला दिल्या. तिसरी पाळी करून खोलीवर आलो, चहा मारला आणि सगळ्या वाचून काढल्या. निम्म्या कवितांत गिरणी आहे. आणि गिरणी आली की राक्षस आलाच. भोंगा डरकाळी फोडतो, बॉयलर रक्त पितो, माग माणसाची हाडं चावतो. मीही अशाच कविता लिहिल्यात, टाळ्याही घेतल्यात. तेव्हा पहिला जोडा माझ्याच पाठीत.

पण एक विचारतो. यंत्राला राक्षस म्हटलं की मालक कुठं जातो? आणि जात कुठं जाते? दोघंही कवितेच्या मागच्या दारानं सुटतात.

धोट्याचं घ्या. जुन्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायचा. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा होता. पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर त्याची थुंकी धाग्याला लागेल आणि बाकीचे विणकर बाटतील. म्हणजे आमच्या माणसानं कातलेलं सूत चालायचं, ओठ चालायचा नाही. ही भिंत मालकानं एकट्यानं बांधली नव्हती. शेजारच्या सवर्ण कामगारानंही तिला विटा दिल्या होत्या.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत सुरू झालेला संप सहा महिने चालला. एका माणसाच्या गळ्यात जास्त माग बांधायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं, या मालकांच्या योजनेविरुद्ध तो होता. त्याच संपात बाबासाहेबांनी विचारलं, साचेखातं आमच्या लोकांना खुलं का नाही? एक प्रश्न होता किती कामगार राहणार हा. दुसरा होता कोण कामगार राहणार हा. कामगार चळवळीनं पहिला प्रश्न छातीवर मिरवला. दुसऱ्याला मागच्या रांगेत बसवलं. कवितेनंही तेच केलं.

आता यंत्राची बाजू ऐका. तोंड न लावता धागा ओवला जाईल असा धोटा जगात तेव्हा होता. नॉर्थ्रपचा स्वयंचलित माग अमेरिकेत १८९० च्या दशकातच बाजारात आला होता. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तोंडानं धागा ओढायच्या धोट्यावर १९११ साली कायद्यानं बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरतो. तिकडे थुंकीत रोग दिसला. इकडे थुंकीत जात दिसली. थुंकीचं निमित्त संपवणारं यंत्र होतं, पण आमच्यासाठी ते आणायची घाई कुणाला नव्हती. माणसं कमी करायची घाई मात्र होती.

म्हणून १९४५ साली बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या पुस्तकात यंत्राची बाजू घेतली, ती उगाच नाही. त्यांचं म्हणणं असं, की दोष यंत्राचा नाही, ते मूठभरांच्या मालकीत ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राशिवाय गरिबाला जनावरासारखं राबणं आलं. फुरसत नाही, म्हणजे विचार नाही, पुस्तक नाही. चरख्याकडं परत चला म्हणणाऱ्याला चरख्यावर जन्म काढायचा नसतो.

आपल्या साहित्यात हे कुणी पाहिलं? बाबूराव बागुलांनी पाहिलं. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला माणूस रेल्वेत कामाला आहे. रेल्वे म्हणजे त्या काळचं मोठं यंत्रच. पण त्याला मारतं ते इंजिन नाही, सोबतची माणसं मारतात, जात कळल्यावर. नारायण सुर्व्यांचं ऋण मी मानतो. 'माझे विद्यापीठ' (१९६६) वाचून मी लिहायला लागलो. पण त्या वळणाच्या कवितेत कामगारांची एकच रांग दिसते. रांगेत आणखी एक रांग होती, ती आपण लिहायची आहे.

मी आज ज्या खात्यात आहे तिथं धोटाच नाही. हवेच्या झोतानं धागा जातो. एक माणूस आठ माग बघतो, कान बधिर होतात. थुंकीचा सवाल संपला. मग जात संपली? भरतीला गेलो तेव्हा जॉबरनं आधी आडनाव विचारलं, मग काम येतं का ते विचारलं. आणि संडास तुंबला की कुणाला हाक जाते, ते सांगायला नको.

आता खात्यातून बाहेर या, गटारापाशी. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख. माणसं तरी मरतातच. यंत्र नाही म्हणून? २०१८ साली तिरुवनंतपुरमला मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला लागला. म्हणजे यंत्र आहे. पण जिथं माणसाला पगार द्यावा लागतो तिथं ते धावत येतं. जिथं माणूस स्वस्त आणि त्याची जात ठरलेली, तिथं ते रांगत येतं. आणि सफाई कामगारापर्यंत लवकर पोचलं ते कोणतं यंत्र? नागपूर, चंदीगडसारख्या शहरांत त्याच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं. तो कुठं उभा आहे ते साहेबाला कळतं. तो कशात उभा आहे ते कळत नाही.

मी यंत्राची आरती ओवाळत नाही. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली चूल कशी विझली ते आपण जाणतो. पण तिथंही धुराड्याच्या जागी मॉल उभे राहिले ते यंत्रानं नाही, जमिनीच्या भावानं.

म्हणून कवींनो, राक्षस आता पुरे. यंत्रावर लिहा, पण नीट बघून लिहा. ते कुणाचं आहे, कुणाला बाहेर काढतं, आणि कुणाला घाणीतून बाहेर काढायला येतच नाही, एवढं तरी कवितेत येऊ द्या. नाहीतर आपण यंत्राला शिव्या देत बसू, आणि मालक मागून दाद देत राहील.

जयभीम.